बर्फ वितळल्यावर

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागीं, जेथें संयुक्त संस्थानांची सरहद्द कॅनडाला भिडते, त्या मुलखांत वसंत ऋतूची पहिली चाहूल झाडांवरून लागत नाहीं. ती पाण्यावरून लागते. मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि पलीकडचा ऑन्टॅरिओ हा सारा प्रदेश सरोवरांचा आहे. हजारों वर्षांपूर्वीं हिमनद्या मागें सरल्या, त्यांनीं खरवडलेले खळगे पाण्यानें भरले आणि हीं सरोवरें झालीं. एकट्या मिनेसोटांत दहा एकर वा त्याहून मोठीं अशीं ११,८४२ सरोवरें मोजलेलीं आहेत. हिंवाळ्याच्या तोंडीं त्यांच्यावर बर्फाची साय धरते, आणि पुढें चार-पांच महिने त्या सायीवरून माणसें चालतात, मोटारी हांकतात, भोंक पाडून त्यांत गळ सोडून बसतात. मग एप्रिलच्या सुमारास तें बर्फ करडें पडतें, कांठाकांठानें पाण्याची रेघ सुटते, आणि एखाद्या दिवशीं सोसाट्याच्या वाऱ्याबरोबर त्याचे तुकडे होऊन तें नाहींसें होतें. हा दिवस तेथील लोक हौसेनें टिपून ठेवतात. कित्येक सरोवरांच्या अशा नोंदी शंभर वर्षांहून जुन्या आहेत.

या दिवसाकडे सर्वांत अधिक डोळे लावून बसतो तो गळ टाकणारा. त्याचें मन दोन माशांवर विशेष जडलेलें असतें. एक वॉलआय आणि दुसरा बॅस. वॉलआय हा लांबट बांध्याचा, सोनेरी-हिरव्या अंगाचा मासा. मांस पांढरें आणि चवीला सौम्य, म्हणून ताटांत त्याचा मान पहिला. मिनेसोटानें १९६५ सालीं त्याला आपल्या राज्याचा मासा ठरविलें. बॅस हा बळकट अंगाचा, गळास लागला कीं पाण्याबाहेर उड्या घेणारा. त्याची ख्याति ताटापेक्षां झुंजीची. त्यांत लहान तोंडाचा आणि मोठ्या तोंडाचा अशा दोन जाति प्रसिद्ध आहेत. या माशांचा वसंत एकाच पाण्यांत येतो, पण एकाच दिवशीं येत नाहीं. मासा पंचांग पाहत नाहीं. तो मुख्यतः पाण्याची ऊब पाहतो. या ऊबेचा हिशेब कळला म्हणजे वसंतांत मासा कोठें सांपडेल हें कळतें. तोच हिशेब थोडा पुढें चालविला म्हणजे गळ केव्हां टाकूं नये हेंहि कळतें. आणि हें दुसरें ज्ञान पहिल्यापेक्षां मोलाचें आहे.

येथें पाण्याचा एक स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे. बहुतेक पदार्थ जितके थंड होतील तितके जड होत जातात. पाणी मात्र सुमारें ४ अंश सेंटिग्रेडला सर्वांत जड असतें, आणि त्याहून थंड झालें कीं पुन्हां हलकें होऊं लागतें. म्हणूनच हिंवाळ्यांत बर्फ वर तरंगतें, तळाशीं चार अंशांच्या आसपासचें पाणी शिल्लक राहतें आणि त्यांत मासे तग धरतात. बर्फ गेल्यावर वरचें पाणी उन्हानें तापत तापत चार अंशांवर येतें, तेव्हां वरचें आणि खालचें पाणी सारख्याच वजनाचें होतें; मग वाऱ्याच्या जोरासरशीं सबंध सरोवर तळापासून घुसळून निघतें. हिंवाळाभर कोंडलेल्या तळाला ताजा प्राणवायु मिळतो आणि तळाशीं सांचलेलें सत्त्व वर येतें. सरोवराचा पाडवा म्हणावा तो हाच. यानंतर उथळ कोपरे, विशेषतः ज्यांचा तळ काळसर आहे आणि ज्यांना वाऱ्यापासून आडोसा आहे असे, आधीं तापतात. भर सरोवराचें पाणी मागाहून.

वॉलआयला हें नांव मिळालें तें त्याच्या फिकट, कांचेसारख्या डोळ्यावरून. त्या डोळ्याच्या मागच्या बाजूस प्रकाश परतविणारा एक थर असतो, त्यामुळें मांजराच्या डोळ्याप्रमाणें तो अंधारांत चमकतो. अंधुक उजेडांत याला इतर माशांपेक्षां चांगलें दिसतें. भर दुपारीं मात्र तो उजेड टाळून खोल जातो. पाणी ६ ते १० अंशांच्या दरम्यान आलें कीं याचा विणीचा काळ आला. नर आधीं येऊन थांबतात; मागून गाभोळीनें जड झालेल्या माद्या येतात. जागा ठरलेली असते. एक तर नदीचा खडकाळ प्रवाह, नाहीं तर जेथें वारा लाटा आणून आपटतो असा गोट्यांचा व खडीचा कांठ. पाणी कधीं कधीं गुडघाभरहि नसतें. वेळ रात्रीची. एका मादीभोंवतीं अनेक नर जमतात, आणि सोडलेलीं अंडीं गोट्यांच्या फटींत पडून राहतात. घरटें नाहीं, राखण नाहीं. मध्यम आकाराची मादी पन्नास हजारांवर, मोठी मादी लाखाहूनहि अधिक अंडीं घालते, आणि काम उरकून खोल पाण्याकडे वळते.

पुढचें सारें दैवावर असतें. पाण्याच्या ऊबेप्रमाणें साधारण दोन-तीन आठवड्यांत पिल्लें बाहेर पडतात; त्यांची लांबी बोटाच्या अर्ध्या पेराइतकीहि नसते. अंगाला चिकटलेल्या बलकाची शिदोरी त्यांना थोडेच दिवस पुरते. ती सरण्याच्या आंत पाण्यांतले सूक्ष्म जीव त्यांच्या तोंडीं लागले पाहिजेत. मध्येंच थंडीची लाट आली, वादळानें अंडीं कांठावर फेंकलीं, किंवा अन्नाची आणि पिल्लांची वेळ चुकली, तर त्या सालची पिढी जवळजवळ बुडते. म्हणून या सरोवरांत वॉलआयच्या सर्व पिढ्या सारख्या नसतात. एखादें साल भरघोस जातें आणि मागची दोन-तीन सालें रिकामीं जातात. लाखांनीं अंडीं घालणारा मासा कधीं संपणार नाहीं, हा समज येथें खोटा ठरतो.

मिनेसोटाच्या कायद्यानें वॉलआयची शिकार फेब्रुवारीच्या अखेरीस बंद होते, ती मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास एका शनिवारीं उघडते. त्या शनिवारचा थाट एखाद्या सणाचा असतो. मध्यरात्रींचे बारा वाजतांच होड्या सुटतात. राज्याचे गव्हर्नरहि समारंभानें गळ टाकावयास जातात, आणि ही प्रथा १९४८ पासूनची आहे. परंतु कायद्याचा शनिवार ठरलेला आणि पाण्याचा दिवस अनिश्चित. २०१२ सालीं मिनेसोटाच्या बऱ्याच सरोवरांवरचें बर्फ मार्चमध्येंच गेलें. दुसऱ्याच वर्षीं, २०१३ सालीं, हंगाम उघडला तेव्हां उत्तरेकडील कित्येक सरोवरें अजून गोठलेलींच होतीं. पहिल्या वर्षीं मासे विणीचें काम आटोपून कधींच पांगलेले, तर दुसऱ्या वर्षीं तें काम अजून व्हावयाचें. तारीख तीच, परंतु मासा दोन निराळ्या ठिकाणीं.

म्हणून कसलेला मासेमार होडींत बसला कीं प्रथम पाण्याची ऊब मोजतो. पाणी दहा अंशांच्या आसपास असेल तर वॉलआय अजून विणीच्या जागेपासून फार दूर गेलेला नसतो. नदीच्या मुखाशीं किंवा गोटाळ कांठाच्या उतारावर तो असतो. माद्या थकलेल्या असतात आणि कांहीं दिवस त्या आमिषाकडे फारशा फिरकत नाहींत. हातीं लागतात ते बहुधा लहान नर. या थंड पाण्यांत माशाचें अंग सुस्त असतें, तो भक्ष्यामागें धांवत नाहीं. शिशाचा मणि बसविलेल्या गरीला जिवंत लहान मासा लावावयाचा आणि ती तळालगत सावकाश उचलावयाची, एवढेंच कौशल्य. पुढें पाणी बारा-पंधरा अंशांवर चढलें कीं बोटाएवढे चंदेरी मासे उथळ पाण्यांत शिरूं लागतात आणि त्यांच्या मागोमाग भुकेलेला वॉलआय येतो. अशा वेळीं संध्याकाळचा तास साधावा. दिवसा गळ टाकावयाचा तर ज्या कांठावर वारा लाटा नेऊन फोडीत आहे तेथें टाकावा. लाटेनें उजेड मोडतो, पाणी गढूळ होतें आणि वॉलआयला दिवसाहि सांज झाल्यासारखी वाटते. जून उजाडून पाण्यांतल्या वनस्पति वाढल्या कीं तो त्यांच्या कडेला आणि भर पाण्यांतल्या खडकाळ उंचवट्यांवर जातो. मग लहान माशाऐवजीं जळू आणि गांडूळ हें आमिष चालतें.

बॅसची गोष्ट याहून अगदीं निराळी. वॉलआयची वीण संपते तेव्हां याची सुरूहि झालेली नसते. पाणी दहा अंशांवर गेलें कीं लहान तोंडाचा बॅस खोल पाण्यांतून उथळ खडकाळ कांठाकडे सरकूं लागतो, आणि पंधरा-सोळा अंशांच्या सुमारास नर घरटें करूं लागतो. एखाद्या मोठ्या धोंड्याच्या किंवा बुडालेल्या ओंडक्याच्या आडोशाला, शेपटीनें गाळ झाडून, तो खडीचा एक वाटोळा, स्वच्छ खळगा तयार करतो. मोठ्या तोंडाचा बॅस थोडा मागाहून, लव्हाळ्यांच्या निवांत कोपऱ्यांत, तोच उद्योग करतो. मादी येते, अंडीं घालते आणि निघून जाते. तेथून पुढें बाप एकटा. तो शेपटीनें वारा घालावा तसें पाणी हलवीत अंड्यांवर गाळ बसूं देत नाहीं. जवळ येणाऱ्या प्रत्येक माशावर धांवून जातो. आणि या काळांत तो खातो फारच थोडें. आठवड्याभरांत अंडीं फुटतात. काळसर पिल्लांचा पुंजका वर उठतो, तरी बाप त्यांच्याभोंवतीं घिरट्या घालीतच असतो. उत्तरेकडच्या गार पाण्यांत ही राखण महिनाभरहि चालते.

आतां या घरट्यावर कोणी गळ टाकला तर काय होतें? भूक नसूनहि बाप त्यावर झडप घालतो, कारण त्याच्या दृष्टीनें तें आमिष नव्हे, तो चोर असतो. त्याला होडींत ओढून घेतला, छायाचित्र काढलें, कौतुक केलें, आणि मोठ्या मनानें पाण्यांत सोडून दिला, तरी तेवढ्या वेळांत घरटें उघडें पडलेलें असतें. सूर्यमासे, पर्च वगैरे लहान लुटारू आसपास टपलेलेच असतात; कांहीं मिनिटांत ते अंड्यांवर येऊन पडतात. ईरी सरोवरांत तर १९९० नंतर परदेशांतून आलेल्या गोबी नांवाच्या माशानें या लुटारूंत मोठीच भर घातली आहे. दमलेला बाप परत येतो. बरींचशीं पिल्लें गेलेलीं दिसलीं तर पुष्कळदां तोहि तें घरटें सोडून देतो. ऑन्टॅरिओंतील ओपिनिकॉन सरोवरावर शास्त्रज्ञांनीं पाण्यांत बुड्या मारून अशीं घरटीं अनेक वर्षें निरखलीं. त्यांत आणखी एक गोष्ट दिसून आली. ज्या बापाच्या घरट्यांत पिल्लें अधिक, तो अधिक त्वेषानें राखण करतो, आणि म्हणून तोच गळाला अधिक सहज लागतो. म्हणजे जो सर्वांत चांगला बाप, तोच सर्वांत आधीं पकडला जातो. एकूण सरोवरांतल्या बॅसच्या संख्येवर याचा परिणाम किती होतो, याविषयीं शास्त्रज्ञांचें एकमत नाहीं. पण त्या एका घरट्याचें काय होतें याविषयीं वाद नाहीं. दक्षिण ऑन्टॅरिओच्या बऱ्याच भागांत बॅसची शिकार जूनच्या उत्तरार्धापर्यंत बंद ठेवतात, त्याचें कारण हेंच.

विणीच्या वेळीं मासा धरूंच नये, असा सरळ नियम यावरून कोणी काढील. परंतु या सरोवरांचा इतिहास तितका सरळ नाहीं. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या पुष्कळ आधींपासून येथें ओजिब्वे लोक राहत आले आहेत. वॉलआयला ते ओगा म्हणतात. वसंतांत बर्फ गेलें कीं रात्रीं मशाली पेटवून, होडींतून उथळ पाण्यांत, भाल्यानें ओगा टिपावयाचा ही त्यांची जुनी रीत. हिंवाळ्याच्या उपासमारीनंतर हेंच पहिलें ताजें अन्न. पाण्यावर हलणाऱ्या त्या मशाली पाहून फ्रेंच व्यापाऱ्यांनीं विस्कॉन्सिनमधील एका स्थळाला लाक द्यू फ्लॅम्बो, म्हणजे मशालीचें सरोवर, असें नांव दिलें. तें आजहि चालू आहे. १८३७ आणि १८४२ च्या तहांनीं ओजिब्वे लोकांनीं आपली भूमि अमेरिकन सरकारला दिली, पण त्या भूमीवर शिकार आणि मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला. पुढें राज्यांनीं तो जुमानला नाहीं. १९८३ सालीं एका संघीय न्यायालयानें विस्कॉन्सिनमध्यें तो हक्क पुन्हां मान्य केला, तेव्हां सरोवरांच्या धक्क्यांवर मोठे जमाव जमले, शिवीगाळ झाली, दगडहि फेंकले गेले. १९९१ पर्यंत हें चालू होतें. मिनेसोटांतील मिल लाक्स सरोवरासंबंधीं तोच प्रश्न संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयापुढें गेला, आणि १९९९ सालीं पांच विरुद्ध चार मतांनीं ओजिब्वे लोकांच्या बाजूनें निकाल लागला.

विरोध करणाऱ्यांचें म्हणणें असें कीं, विणीच्या वेळीं भाल्यानें मासे मारले तर सरोवरें ओस पडतील. परंतु भाला चालविणाऱ्यांनीं जी पद्धति घालून घेतली ती पाहण्यासारखी आहे. प्रत्येक सरोवरांत किती मासे आहेत याचा अंदाज घेऊन किती काढावयाचे तें आधीं ठरतें. रात्रीं होडी धक्क्याला लागली कीं मासा न् मासा मोजला जातो. आंकडा पुरा झाला कीं भाला थांबतो. काठी-गळवाल्या हौशी माणसाची शिकार अशी एकेक करून कोणी मोजीत नाहीं. हंगाम कोणता, हत्यार कोणतें, यापेक्षां मोजून घेणें आणि मोज भरल्यावर थांबणें हें अधिक महत्त्वाचें, असा याचा अर्थ.

थांबणें म्हणजे काय याचा दाखला मिनेसोटाच्या उत्तरेस रेड लेक या सरोवरानें दिला. हें विस्तीर्ण सरोवर. त्याचा मोठा भाग रेड लेक येथील ओजिब्वे लोकांच्या मालकीचा. पहिल्या महायुद्धांत, १९१७ सालीं, अन्नाच्या टंचाईमुळें तेथें व्यापारी मासेमारी सुरू झाली आणि ती पुढें वाढतच गेली. जाळीं, गळ, चोरटी शिकार, सर्वांनीं मिळून सरोवर उपसलें. १९९० नंतरच्या कांहीं वर्षांतच वॉलआय इतका घटला कीं विणीला पुरेशा माद्याच उरल्या नाहींत. यांत दोष एकट्या कोणाचा नव्हता. १९९७ सालीं त्या लोकांनीं आपण होऊन, आपल्या उत्पन्नावर पाणी सोडून, आपली जाळीं काढून घेतलीं. १९९९ सालीं राज्यानेंहि आपल्या बाजूचा भाग बंद केला, आणि उभयतांनीं करार करून कोट्यवधि वॉलआय-पिल्लें सरोवरांत सोडलीं. मग सर्वजण वाट पाहत राहिले. कांठावरच्या गांवांतील धंदे बसले, होड्या उपड्या पडल्या. वॉलआयची मादी विणीला येण्यास साधारण चार-पांच वर्षें लागतात. त्या हिशेबांत माणसाची घाई चालत नाहीं. २००६ सालीं सरोवर पुन्हां उघडलें तेव्हां त्यांत मासे विपुल होते. कडक मर्यादा घालून तेथें पुन्हां मासेमारी होऊं लागली.

अलीकडे या सर्व हिशेबांत एक नवी अडचण उभी राहिली आहे. हवा तापत चालल्यामुळें सरोवरांवरचें बर्फ पूर्वीपेक्षां लवकर जाऊं लागलें आहे. पण बर्फ जाण्याचा दिवस जितका अलीकडे येतो तितका वॉलआयचा विणीचा दिवस अलीकडे येत नाहीं. तो मागें रेंगाळतो, आणि पिल्लांची भूक व पाण्यांतलें अन्न यांची जुनी गांठ सुटूं लागते. विस्कॉन्सिनमधील पुष्कळ सरोवरांत वॉलआयचें नैसर्गिक पुनरुत्पादन घटलें आहे, आणि ऊब मानवणारा मोठ्या तोंडाचा बॅस वाढला आहे. शंभर वर्षांपूर्वीं ज्यांनीं केवळ हौसेनें बर्फ गेल्याची तारीख वहींत लिहून ठेवली, त्यांच्या त्या वह्या आतां शास्त्रज्ञांच्या कामीं येत आहेत.

कोकणांतल्या माणसाला ही कथा अगदींच परकी वाटणार नाहीं. मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला, वहाळ भरून वाहूं लागले, कीं नदींतले मासे अंडीं घालण्यासाठीं प्रवाहाविरुद्ध चढून शेतांच्या उथळ पाण्यांत येतात. ही वलगण. त्या रात्रीं कंदील आणि काठ्या घेऊन सारें गांव बाहेर पडतें, कारण वर्षांत मासा इतका हातीं येणारा दुसरा दिवस नसतो. मिनेसोटाच्या गोटाळ कांठावर काय अन् कोकणच्या शेताच्या बांधावर काय, मासा माणसाच्या सर्वांत जवळ येतो तो पुढची पिढी मागें ठेवण्यासाठीं. त्याला टिपणें त्या वेळीं सर्वांत सोपें असतें, आणि सर्वांत महाग पडतें तेंहि त्याच वेळीं.

उत्तरेकडचा म्हातारा मासेमार मेमधल्या सकाळीं होडींतून उथळ कांठाजवळ येतो. स्वच्छ पाण्यांत, हातभर खोलीवर, खडीचा एक वाटोळा खळगा त्याला दिसतो, आणि त्यावर स्थिर उभा असलेला एक काळसर मासा. आमिष टाकलें तर तो खात्रीनें घेईल, हें त्याला ठाऊक असतें. तो वल्हें उलटें मारतो, होडी हळूच मागें घेतो, आणि वाऱ्यानें लाटा उठलेल्या दूरच्या कांठाकडे निघून जातो.